खाटेचं बटण

मागच्या हिवाळ्यात एका डेमोत क्लायंटनं एका लाल ठिपक्यावर क्लिक केलं. तो लाल रंग मी दिलेला होता.

मी पुण्यात बसून युरोपातल्या मालवाहतुकीचा डॅशबोर्ड बनवतो. नकाशावर ट्रक दिसतात. धावणारा हिरवा, थांबलेला पिवळा. दोन तासांच्या वर थांबला की लाल, आणि शेजारी एक शब्द : ‘आयडल’. कोडच्या जेमतेम अकरा ओळी. लिहिताना चहासुद्धा गार झाला नव्हता.

तर तो ठिपका. जर्मनीतलं एक वेअरहाऊस, आयडल ६ तास ४० मिनिटं. “हा गडी तिथे करतोय तरी काय?” क्लायंटच्या माणसानं विचारलं. कॉलवरचे सगळे हसले. मीही हसलो.

रात्री उगाच कुतूहल म्हणून लॉग उघडले. ट्रक स्लॉटच्या वीस मिनिटं आधी पोचलेला. गेटवर एंट्री झालेली. डॉक रिकामा नव्हता, म्हणून उभा. शेवटी ३३ पॅलेट उतरल्याच्या कागदावर ड्रायव्हरची सही, वेळेसकट. आणि टॅकोग्राफ काय म्हणत होता? की हा माणूस पूर्ण वेळ झोपला होता. सही केली तेव्हाही.

टॅकोग्राफ म्हणजे युरोपातल्या प्रत्येक मोठ्या ट्रकमध्ये सक्तीनं बसवलेलं, ड्रायव्हरच्या वेळेची नोंद ठेवणारं यंत्र. त्यावर चार चिन्हं असतात. स्टिअरिंग म्हणजे गाडी चालवतोय. दोन हातोड्यांची फुली म्हणजे इतर काम. तिरपी रेघ मारलेला चौकोन म्हणजे ‘उपलब्ध’, म्हणजे हाक मारली की हजर. आणि खाट म्हणजे विश्रांती. गाडी हलली की स्टिअरिंगची नोंद आपोआप होते. उरलेली तीन चिन्हं ड्रायव्हरनं बटण दाबून निवडायची. तो डॉकवर उभा होता आणि त्यानं खाटेचं बटण दाबलं होतं.

का दाबलं असेल, ते पुढे सांगतो. आधी त्या रात्री मी आणखी काय पाहिलं ते सांगायला हवं, कारण माझं भांडण तिथून सुरू होतं.

झोप येईना म्हणून मी यूट्यूबवर युरोपातल्या जुन्या ट्रकवाल्यांच्या आठवणी पाहत बसलो. हा एक अख्खा प्रकारच आहे. पिवळट पडलेले फोटो, व्होल्वो एफ ८८ किंवा स्कॅनियाची नाकपुडी, तिच्याशेजारी बेलबॉटम घातलेला दाढीवाला माणूस, मागे बर्फ. १९६४ मध्ये बॉब पॉल आणि मायकेल वुडमन या दोन इंग्रजांनी लंडनहून थेट काबूलला ट्रक नेला, आणि त्यातून पुढे अॅस्ट्रन ही कंपनी नावारूपाला आली. १९७३ नंतर तेलाचे भाव कडाडले, आखाती देशांच्या हातात पैसा आला, बंदरांबाहेर जहाजांच्या रांगा लागल्या, सुएझ कालवा तर १९६७ पासून १९७५ पर्यंत बंदच होता. मग माल रस्त्यानं निघाला. इंग्लंड, जर्मनी, ऑस्ट्रिया, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान आणि पुढे तेहरान, बगदाद, दोहा. बीबीसीनं १९७७ मध्ये या वाटेवर ‘डेस्टिनेशन दोहा’ नावाची फिल्म दाखवली, आणि ट्रकवाला हीरो झाला.

या आठवणी भारी असतात, यात वाद नाही. पूर्व तुर्कस्तानातला ताहिरचा घाट. थंडीनं डिझेल गोठलं म्हणून टाकीखाली पेटवलेली आग. इस्तंबूलच्या लंडन मोकॅम्पवर जमणारी मंडळी, तिथे एकमेकांना दिल्या जाणाऱ्या पुढच्या रस्त्याच्या खबरा. मीही तीन तास सलग पाहिलं. मग खालच्या कमेंट वाचल्या : काय ते दिवस, काय ते स्वातंत्र्य, आता राहिलं नाही तसलं काही. आणि माझं डोकं फिरलं.

कारण ही माणसं स्वतः काय सांगत होती, ते कुणी ऐकतच नव्हतं.

तुम्ही ऐकून बघा. घाटातल्या बर्फाची गोष्ट पाच मिनिटांची असते. बाकी सगळं थांबण्याबद्दल असतं. कापिकुलेच्या सीमेवर, बल्गेरियातून तुर्कस्तानात शिरताना, दिवसचे दिवस रांगेत. कागदावर एक शिक्का कमी म्हणून दोन दिवस. साहेब जेवायला गेला म्हणून अर्धा दिवस. इराणच्या सीमेवर पुन्हा तेच. चहा, पत्ते, स्टोव्हवर डबाबंद रस्सा, आणि वाट पाहणं. ही साहसकथा नव्हे. हा हजेरीपट आहे, ज्यातले बहुतेक तास कुणी मांडलेच नाहीत. आपण मात्र त्यातला बर्फ तेवढा उचलला आणि रांग फेकून दिली.

या रांगेनं युरोपचा नकाशा बदलला, हेही आपण विसरलो. फेब्रुवारी १९८४. आल्प्समधल्या सीमांवर इटालियन आणि फ्रेंच कस्टम्सवाल्यांनी काम संथ केलं. भर थंडीत ट्रक अडकले. वैतागलेल्या ड्रायव्हरांनी गाड्या आडव्या लावून फ्रान्सचे रस्ते रोखायला सुरुवात केली आणि ते लोण देशभर पसरलं. त्याच वर्षी जुलैत कोल आणि मितराँ या दोघांच्या सरकारांनी झारब्रुकेनमध्ये फ्रान्स-जर्मनी सीमेवरची तपासणी टप्प्याटप्प्यानं कमी करण्याचा करार केला. पुढच्या वर्षी, जून १९८५ मध्ये, लक्झेंबर्गमधल्या एका छोट्या गावाजवळ पाच देशांनी सह्या केल्या. गावाचं नाव शेंगेन. तुमच्या मित्राच्या इन्स्टावर व्हिसाच्या स्टिकरचा जो फोटो आहे ना, त्यावरचा तोच शब्द. त्यामागे अनेक कारणं होती, पण एक कारण रांगेत कुडकुडणारा ट्रकवालाही होता.

मग सीमा उघडल्या. थांबणं संपलं का? नाही. ते सीमेवरून उठलं आणि वेअरहाऊसच्या गेटवर जाऊन बसलं.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि तो मला या आठवणींनी शिकवला. सीमेवर शंभर जण एकत्र थांबत. सगळ्यांना एकच साहेब दिसे, सगळे त्याला एकत्र शिव्या घालत, आणि वेळ आली की एकत्र रस्ताही अडवत. गेटवर प्रत्येक जण एकटा थांबतो. साहेब दिसत नाही; स्लॉट दिसतो. शिवी कुणाला घालणार? अॅपला? ज्यानं ते अॅप लिहिलं तो तर पुण्यात चहा पितोय.

आता खाटेच्या बटणाकडे येऊ. युरोपातला नियम कागदावर चांगला आहे. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १० तास. साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांचा ब्रेक. सर्वसाधारणपणे रोज ११ तास सलग विश्रांती. म्हणजे कामाचा दिवस जास्तीत जास्त १३ तासांचा. डॉकवर सहा तास गेले की दिवस संपत येतो आणि माल पुढे पोचत नाही. पण नियमात एक फट आहे. विश्रांती ३ अधिक ९ अशा दोन तुकड्यांत घेता येते, आणि तसं केलं की दिवस १५ तासांपर्यंत ताणता येतो. डॉकवर उभं असताना खाट दाबली की तो पहिला तुकडा ‘झाला’. ऑफिसमधून कुणी तसं स्पष्ट सांगतंच असं नाही. पुढची डिलिव्हरी किती वाजता आहे एवढंच सांगतात. बाकीचं गणित ड्रायव्हर स्वतः करतो.

आणि बटण प्रामाणिकपणे दाबलं तरी काय? युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात सीमेवरची वाट पाहणं, फेरीबोटीतला प्रवास, वाहतूकबंदीमुळे उभं राहणं हे सगळं ‘उपलब्धते’त मोडतं. किती वेळ थांबायचं हे आधी माहीत असेल, तर तो वेळ कामाच्या तासांत धरतच नाहीत. म्हणजे ताहिरच्या वाटेवरच्या त्या दाढीवाल्या हीरोचे निम्मे दिवस आजच्या कायद्यानं काम ठरणार नाहीत.

आता कुणी म्हणेल, जुने ड्रायव्हर स्वतःच टॅकोग्राफला शिव्या घालतात, ‘केबिनमधला हेर’ म्हणतात, मग तू त्यांची बाजू कशी घेतोस? खरं आहे. ब्रिटनमध्ये या यंत्राला एवढा विरोध झाला की १९७९ मध्ये युरोपीय न्यायालयाला ब्रिटनविरुद्ध निकाल द्यावा लागला. पण इथे मी जुन्या मंडळींशी भांडायला तयार आहे. ज्याला ते स्वातंत्र्य म्हणतात, त्यात वीस तास स्टिअरिंगवर बसून डोळा लागण्याचं स्वातंत्र्यही होतं, आणि अशा डुलक्यांचे परिणाम समोरून येणाऱ्यालाही भोगावे लागले. यंत्र नकोच, असं माझं म्हणणं नाही. यंत्रानं खरं सांगावं, असं आहे. आज ते प्रत्येक मीटर मोजतं, २०२३ पासून नव्या गाड्यांत सीमा ओलांडल्याची नोंदही आपोआप होते, आणि माणूस सहा तास ताटकळला हे मात्र ते ‘झोपला’ असं लिहून ठेवतं.

हे सगळं जुनं दुखणं वाटत असेल तर २०२३ चं वर्ष आठवा. जर्मनीत डार्मस्टाटजवळ, ए ५ महामार्गावर ग्रेफेनहाउझेन नावाचा थांबा आहे. मार्चमध्ये तिथे साठेक ड्रायव्हरांनी ट्रक लावले आणि हलायला नकार दिला. बहुतेक जॉर्जिया आणि उझबेकिस्तानचे. कंपन्या पोलंडच्या, माल पश्चिम युरोपाचा, पगार थकलेले. गुड फ्रायडेला मालक चिलखती गाडी आणि खासगी सुरक्षारक्षक घेऊन ट्रक सोडवायला आला. पोलिसांनी त्यालाच ताब्यात घेतलं. नेदरलँड्सच्या कामगार संघटनेचा एडविन आटेमा ड्रायव्हरांच्या वतीनं बोलत होता. एप्रिलअखेर सुमारे तीन लाख युरो चुकते झाले. उन्हाळ्यात पुन्हा तेच, या वेळी शंभराहून जास्त ड्रायव्हर, आणि सप्टेंबरात काहींनी अन्न सोडलं.

मला या संपातली एक गोष्ट फार लागली. त्यांनी फक्त थांबायचं ठरवलं. आयुष्यभर फुकट केलेली तीच गोष्ट त्यांनी एकदा स्वतःसाठी केली, आणि तेव्हा कुठे ती सगळ्यांना दिसली. माझ्या डॅशबोर्डवर ते सगळे ठिपके लाल दिसले असते. आयडल.

आणि ग्रेफेनहाउझेनच्या लोकांच्या आठवणी वीस वर्षांनी कोण पाहणार? लंडनच्या ट्रकवाल्याकडे त्याची गोष्ट कौतुकानं ऐकणारा देश होता. परतल्यावर पब होता, ऐकणारी पोरं होती. २०२० च्या नियमांनुसार ड्रायव्हरला दर चार आठवड्यांनी घरी परतता येईल असं कामाचं नियोजन करणं कंपनीवर बंधनकारक आहे, आणि आठवड्याची ४५ तासांची पूर्ण विश्रांती केबिनमध्ये घ्यायला मनाई आहे. तरी रविवारी कुठल्याही जर्मन थांब्यावर ट्रेलरच्या कडेला गॅसवर भात शिजवणारे दिसतातच. त्यांच्या आठवणीत बर्फाचा घाट नसेल. पार्किंग असेल.

सन्माननीय अपवाद एक सांगतो. डिसेंबर २०२० मध्ये करोनामुळे फ्रान्सनं अचानक सीमा बंद केली आणि इंग्लंडमधल्या केंट परगण्यात हजारो ट्रक नाताळच्या तोंडावर अडकले. तेव्हा ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वारातून खालसा एडच्या लोकांनी छोले आणि पास्ता शिजवून त्या रांगेत नेला. आपल्या उपखंडातून गेलेली माणसं थांबलेल्या ड्रायव्हरकडे बघून “करतोय काय” असं विचारत बसली नाहीत. जेवलास का, एवढंच त्यांनी पाहिलं. त्याच उपखंडात बसून मी त्याला लाल रंग दिला.

म्हणून माझं म्हणणं. ‘रस्त्याचे राजे’ छापाच्या रील्स बघायच्या तर खुशाल बघा, पण निदान रांगेचा भाग पुढे ढकलू नका. ड्रायव्हर मिळत नाहीत म्हणून गळा काढणाऱ्या कंपन्यांना विचारा : गेटमध्ये शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचे पैसे देता का? स्पेननं २०२२ मध्ये संपाच्या इशाऱ्याच्या दबावाखाली दोन गोष्टी केल्या. मोठ्या ट्रकच्या ड्रायव्हरनं माल चढवायचा-उतरवायचा नाही, आणि एक तासाच्या पुढे थांबवलं तर भरपाई. आधी ही मर्यादा दोन तासांची होती. ती भरपाई वाहतूक कंपनीला मिळते, ड्रायव्हरच्या खिशात जाईलच असं नाही. पण निदान थांबण्याला किंमत आहे हे एका देशानं कागदावर मान्य केलं.

आणि हिंजवडी, खराडी, बाणेरमध्ये बसून हे डॅशबोर्ड लिहिणाऱ्या माझ्या जातभाईंनो, ‘आम्ही फक्त रिक्वायरमेंट इम्प्लिमेंट करतो’ हे आता पुरे. शब्द आपण निवडतो. रंग आपण निवडतो. ‘आयडल’ हा शब्द कुठल्याच क्लायंटनं मला दिला नव्हता. मला सुचला, मी टाकला.

मी एक तिकीट काढलं. ‘आयडल’ऐवजी ‘ग्राहकाच्या दारात थांबवलेला’ असं लिहायचं, लाल रंग ट्रकऐवजी वेअरहाऊसला द्यायचा, आणि गेटवरच्या एंट्रीपासून मिनिटं मोजायची. बदल पाच-सहा ओळींचा. मीटिंगमध्ये उत्तर मिळालं : चांगली कल्पना आहे, पण ग्राहकाला लाल दाखवता येणार नाही.

तिकीट बॅकलॉगमध्ये आहे. दर सोमवारी मी ते वर ओढतो, आणि शुक्रवारपर्यंत कुणीतरी ते खाली ढकलतं.