टॉवरवरच्या कामगाराला वाली कोण?

मोबाइलच्या टॉवरवर चढणाऱ्या माणसाचा मालक कोण, हे आज त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. कंपनीचे कंत्राट, त्याखाली पोटकंत्राट आणि आता त्याच्याही खाली ॲप. फोनवर ‘तिकीट’, म्हणजे एका कामाची नोंद, पडते. जो आधी घेईल त्याचे काम. तुटलेली फायबर जोडायची असो, घरात राउटर बसवायचा असो की टॉवरवरचा अँटेना बदलायचा, पैसे नगावर. उशीर झाला की रेटिंग घसरते, तिकिटे आटतात आणि एके दिवशी आयडीच बंद होतो. दाद कुणाकडे मागायची?

अमेरिकेने कंत्राटांच्या अशा उतरंडीची किंमत मोजली आहे. तिथे २००३ ते २०११ या काळात मोबाइल टॉवरवर काम करताना ५० जण मेले. ‘प्रोपब्लिका’ ही वृत्तसंस्था आणि ‘फ्रंटलाइन’ हा टीव्ही कार्यक्रम यांनी २०१२ मध्ये तपास केला, तेव्हा बड्या कंपन्या पोटकंत्राटांच्या थरांआड सुरक्षित बसलेल्या दिसल्या. घाई वरून लादली जात होती, जीव खालच्याचा जात होता. ॲप या उतरंडीत आणखी एक थर घालते, आणि त्या थरात ‘वारा सुटलाय, आज चढू नकोस’ असे म्हणणारा मुकादमही नसतो.

आपल्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराची, म्हणजे असे सुटे काम करणाऱ्याची, दखल घेतली, पण मालक-नोकर नात्याबाहेरचा म्हणून. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कल्याण निधीला द्यायची आहे. या कंपन्यांच्या अनुसूचीत टॅक्सी आहे, खाद्यपदार्थ आहेत, मालवाहतूक आहे; दूरसंचाराचे वेगळे नाव नाही. डिलिव्हरीवाला निदान रस्त्यावर दिसतो. उंचावर पट्ट्याला लटकलेला माणूस ना ग्राहकाला दिसतो, ना कायद्याला.

राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये गिग कामगारांसाठी कायदे केले. महाराष्ट्राने तर ही वाट १९६९ सालीच पाडली होती. कामगार नेते अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून माथाडी कायदा आला. रोज वेगळ्या पेढीचे ओझे वाहणाऱ्या हमालाला त्याने मंडळ दिले, आणि मजुरीवरच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी व उपचारांची सोय लावली. मालक एक नाही, ही सबब तेव्हा चालली नाही. आज का चालावी?

दूरसंचाराच्या प्रत्येक तिकिटावर लेव्ही लावा. प्रशिक्षण आणि विमा नसलेल्याला टॉवरचे काम देण्यास ॲपला बंदी करा. आणि अपघात झाला, तर मधले सगळे थर ओलांडून, ज्या कंपनीचे नेटवर्क त्या टॉवरवरून चालते तिलाच भरपाईसाठी जबाबदार धरा.