‘पहिले कोण?’ एवढ्यावरच थांबू नका



१ मे जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या शाळेत एक यादी भिंतीवर चढते. ‘महाराष्ट्रातील पहिले’. मीही दरवर्षी ती लावते. पहिली प्रवासी रेल्वे? मुंबई ते ठाणे, १८५३. पहिला चित्रपट? राजा हरिश्चंद्र, १९१३. पहिली महिला डॉक्टर? आनंदीबाई जोशी, १८८६. मुलं तालासुरात म्हणतात, पाहुणे आले की खूश होतात, आपल्यालाही बरं वाटतं.

मागच्या वर्षी याच यादीच्या तासाला पाचवीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘‘मॅडम, पह्यली आनंदीबाई. मंग दुसरी कोन होती?’’

वर्ग हसला. मला उत्तर येत नव्हतं. मी काय म्हणाले माहीत आहे? ‘‘ते परीक्षेत येत नाही, बस खाली.’’

ती बसली. पण घरी आल्यावर मला काही चैन पडेना. मुलीचा प्रश्न बरोबर होता, माझं उत्तर चुकीचं होतं. आजचा हा लेख त्या उत्तराची दुरुस्ती समजा.

आधी तिच्या प्रश्नाचं उत्तर. आनंदीबाईंनी १८८६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्याच वर्षी तिकडे कलकत्त्यात कादंबिनी गांगुली याही डॉक्टर झाल्या. आनंदीबाई आजारी अवस्थेत भारतात परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षंही पूर्ण व्हायच्या आत गेल्या. त्यांना एक दिवससुद्धा दवाखाना चालवता आला नाही.

त्यांच्यानंतर मराठी घरातून आल्या डॉ. रखमाबाई. लहानपणीच लग्न लागलेलं. मोठं झाल्यावर त्यांनी सासरी नांदायला नकार दिला. नवरा कोर्टात गेला. १८८४ पासून खटला चालला. १८८७ मध्ये कोर्ट म्हणालं, नवऱ्याकडे जा नाहीतर तुरुंगात जा. रखमाबाईंनी सांगितलं, तुरुंगात जाईन. पुढे तडजोड झाली, त्या सुटल्या, लंडनला जाऊन शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. मग सुरत आणि राजकोटला त्यांनी कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले.

आता सांगा, हे मुलांना सांगण्यासारखं नाही का? आनंदीबाईंनी दार उघडलं, हे खरंच. पण त्या दारातून आत जाऊन आयुष्यभर काम करणारी बाई आपल्या यादीत नाही, कारण तिच्या नावापुढे ‘पहिली’ लिहिता येत नाही. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींच्या घरी लग्नाचं बोलणं लवकर सुरू होतं, त्यांना रखमाबाई माहीत असणं जास्त गरजेचं आहे असं मला वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. यादी फाडू नका. पण प्रत्येक ‘पहिल्या’ला तीन प्रश्न विचारायला मुलांना शिकवा.

प्रश्न १ : पहिलं म्हणजे नेमकं कशात पहिलं?

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी ही देशातली पहिली प्रवासी गाडी. यातला ‘प्रवासी’ हा शब्द गाळला की वाक्य चुकतं. कारण रुडकीजवळ कालव्याच्या कामावर माती वाहायला वाफेचं इंजिन १८५१ मध्येच धावलं होतं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लागला. त्याच्या वर्षभर आधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ मुंबईत दाखवला गेला होता. तो रंगभूमीवरच्या नाटकाचं चित्रीकरण होता, म्हणून पहिल्या कथापटाचा मान फाळक्यांना दिला जातो. हे कळल्यावर मुलांना फाळके लहान वाटत नाहीत. उलट ‘चित्रपट म्हणजे काय’ यावर वर्गात छान चर्चा होते.

आता आपल्या घरचं उदाहरण घेऊ. डॉ. पंजाबराव देशमुख आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. आपण सगळे लिहितो, ‘स्वतंत्र भारताचे पहिले कृषिमंत्री’. मीही फळ्यावर लिहिलं आहे. पण १५ ऑगस्ट १९४७ च्या मंत्रिमंडळात अन्न व शेती खातं डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याकडे होतं. भाऊसाहेब १९५२ मध्ये केंद्रात आले आणि १९६२ पर्यंत त्यांनी शेतीचं काम पाहिलं. त्यांच्याच काळात दिल्लीत १९५९ च्या डिसेंबरात जागतिक कृषी प्रदर्शन भरलं. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यांनी उभी केली, ज्यात आपल्यापैकी कितीतरी जण शिकले. एवढं काम असलेल्या माणसाला ‘पहिले’ या शब्दाची गरज आहे का? मला वाटतं, आपण काम सांगायचा कंटाळा करतो म्हणून बिरूद लावतो.

प्रश्न २ : हे आपल्याजवळ कुठे घडलं?

१८५३ मध्ये मुंबईत गाडी सुटली तेव्हा वऱ्हाड कुठे होतं? निजामाकडे. त्याच वर्षी, मे महिन्यात, निजामाने तह करून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. महाराष्ट्र राज्य तर १९६० चं. म्हणजे आपल्या यादीतल्या बऱ्याच गोष्टी आपल्या पणजोबांना माहीतही नसतील. मुलांना त्या लांबच्या वाटतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मग जवळचं सांगा ना! चांदूर बाजार आणि मोर्शीच्या मधे रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तिथे सिद्ध केलं. मराठीतला हा पहिला गद्य चरित्रग्रंथ. चक्रधरस्वामींना ज्यांनी पाहिलं होतं, ऐकलं होतं, अशा माणसांना भेटून, विचारून म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या. मराठीची आद्य कवयित्री महदंबा, तिचे धवळेही रिद्धपूरचेच. आज मराठी भाषेचं विद्यापीठही तिथेच सुरू झालं आहे. परतवाड्याच्या मुलाला राजा हरिश्चंद्र पाठ आणि रिद्धपूर माहीत नाही, ही त्याची नाही, आपली चूक आहे.

तसंच अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या खेळाडूंनी तिथे कबड्डी आणि देशी खेळ करून दाखवले. आणि आपला मेळघाट, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या सुरुवातीच्या नऊ अभयारण्यांपैकी एक. जी मुलं रोज शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळतात, ज्यांना खिडकीतून सातपुड्याचे डोंगर दिसतात, त्यांना हे सांगितलं की डोळे बघा कसे होतात.

प्रश्न ३ : याच्यानंतर दुसरं कोण आलं?

हा माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न. माझ्या मते तिघांत हाच सगळ्यात मोठा.

मी एक घरचीच गोष्ट सांगते. माझी आजी दुष्काळाच्या वर्षांत रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. ‘हमीवर गेली होती’ एवढंच ती म्हणायची. मला खूप उशिरा कळलं की काम मागणाऱ्या ग्रामीण माणसाला काम देणं हा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. २००५ मध्ये सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मागे आपल्या राज्याचा हा अनुभव होता. ‘दुसरं कोण?’ याचं उत्तर इथे ‘अख्खा देश’ असं आहे.

शिक्षकांनो, तुमची पगारपत्रक काढून बघा. व्यवसाय कर, दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हा कर १९७५ मध्ये मुळात रोजगार हमीला पैसा मिळावा म्हणून बसवला गेला. माझ्या आजीच्या मजुरीत तेव्हाच्या कुणा गुरुजींच्या पगारातला वाटा होता. मला पूर्वी ही कपात खुपायची. आता नाही खुपत.

असंच सामूहिक वनहक्काचं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला, देशात सगळ्यात आधी. पुस्तकात तेच गाव येणार. पण परतवाड्याजवळच्या पायविहीरला २०१२ मध्ये हा हक्क मिळाला आणि गावाने उजाड झालेलं जंगल राखून सीताफळं मुंबईच्या बाजारात पाठवली. पायविहीर पहिलं नाही. पण एका गावाला जमलेलं दुसऱ्या गावालाही जमतं, हे अशाच गावांमुळे कळतं.

आता पालक विचारतील, ‘‘मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण स्पर्धा परीक्षेचं काय?’’ रास्त प्रश्न आहे. पण जरा प्रश्नपत्रिका बघा. शिष्यवृत्ती परीक्षेला भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता आहे. नवोदयला मानसिक क्षमता, अंकगणित आणि भाषा. ‘पहिले कोण’ची यादी यात कुठेच नाही. ती पुढे पोलीस भरतीत, एमपीएससीत लागेल, तेव्हा मूल आपलं आपण पाठ करेल. दहाव्या वर्षी त्याला गरज आहे ती प्रश्न विचारण्याची सवय लागण्याची. ‘‘परीक्षेत येत नाही’’ असं सांगून मी ज्या मुलीला खाली बसवलं, तिचा प्रश्न तर परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षा चांगला होता.

त्यानंतर मी वर्गात एक उपक्रम घेतला. ‘आमच्या घरातले पहिले’. मुलांनी घरी आजी-आजोबांना विचारून यायचं : आपल्या घरात पहिल्यांदा शाळेत कोण गेलं, पहिल्यांदा सही कुणी केली, रेल्वेत कोण बसलं, बँकेत खातं कुणी काढलं? म्हाइंभटांनी केलं तेच, माणसांना विचारून लिहून काढायचं. दोन दिवसांत तक्ता भरला. एका मुलाने लिहून आणलं, ‘आमच्या घरी पहिली सही आईने केली, बचतगटात.’

जिने प्रश्न विचारला होता, तिच्या कागदावर एकच ओळ होती : ‘आमच्या घरातून पाचवीत पहिली मी.’

आमची शाळा पाचवीपर्यंतच. सहावीला शेजारच्या गावी जावं लागतं. पालकसभेला तिचे वडील आले तेव्हा म्हणाले, ‘‘मॅडम, आमच्या घरात येवढी शिकनारी हेच पह्यली हाय. आता बस झालं ना. तिकडे येकटी कशी धाडाची?’’ मी त्यांना तो कागद दाखवला आणि विचारलं, ‘‘भाऊ, हिची लहान बहीण दुसरीत आहे. ही थांबली तर ती कुठपर्यंत जाईल?’’ ते काही बोलले नाहीत. घडी करून कागद खिशात घातला. जूनमध्ये शेजारच्या शाळेत तिचं नाव लागलं. ती गावातल्या दोन मुलींसोबत जाते. सातवीचं काय होईल, ते मला आज सांगता येत नाही. मी अधूनमधून घरी जाऊन विचारत असते.

तर शिक्षक मित्रांनो, यंदा यादी लावाल तेव्हा शेवटी एक रकाना जास्त आखा : ‘त्यानंतर कोण?’ तो आधी रिकामाच राहील, माझाही राहिला. मुलं भरतील. आणि पालकहो, तुमच्या लेकराने असला प्रश्न घरी विचारला, तर माझ्यासारखं त्याला खाली बसवू नका. माहीत नसेल तर ‘‘चल, शोधू’’ म्हणा.