दुरुस्तीची चावी कोणाकडे?

नारायणगाव किंवा मंचरच्या बाजारात विहिरीवरची जळालेली मोटार आणून टाकली, की एक-दोन दिवसांत तिचे वायंडिंग होते आणि ती पुन्हा पाणी ओढू लागते. त्याच बाजारात बिघडलेला लॅपटॉप नेला, तर दुकानातला तरुण तो उघडून पाहतो आणि सांगतो, ‘‘बिघाड कळला, पण पार्ट मिळत नाही.’’ हुशारी दोघांकडेही आहे. मोटारीची तांब्याची तार आणि बेअरिंग मात्र कोणालाही विकत मिळते, तर लॅपटॉपचे सुटे भाग, सर्किटचा आराखडा आणि बिघाड शोधण्याचे सॉफ्टवेअर बहुतेक कंपन्या स्वतःजवळ ठेवतात.

आमच्या रुग्णालयातल्या एका लॅपटॉपच्या कीबोर्डवरची काही बटणे बंद पडली, तेव्हा हाच अनुभव आला. वॉरंटी संपलेली होती. हेल्पलाइनने सिरियल नंबर विचारला आणि पुण्यातल्या सेंटरचा पत्ता दिला. सुटा कीबोर्ड मागितला, तर तो विकत मिळत नाही असे उत्तर आले. तो वरच्या आवरणाला कायमचा जोडलेला असल्याने अख्खा भागच बदलावा लागणार होता. शेवटी बाहेरून दुसरा कीबोर्ड जोडून काम भागवले.

गोष्ट लॅपटॉपपुरती असती, तर आरोग्याच्या सदरात तिचे काम नव्हते. पण आजचे ईसीजी मशीन, पेशंट मॉनिटर, रक्ततपासणीचे यंत्र, डिजिटल एक्स-रे ही सगळी आतून संगणकच आहेत. अनेक यंत्रांच्या सर्व्हिस मेनूला पासवर्ड असतो आणि तो कंपनीच्याच माणसाला माहीत असतो. बाहेरून कीबोर्ड जोडण्यासारखी सोय इथे चालत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात याचा अर्थ काय होतो ते पाहा. उसात किंवा भातखाचरात काम करताना मण्यार किंवा नाग चावला, तर विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. अशा रुग्णाला प्रतिविषाबरोबर काही काळ कृत्रिम श्वासाचा आधार लागतो. व्हेंटिलेटरमधला ऑक्सिजन सेन्सर काही काळाने संपणारा भाग आहे, बॅटरीही तशीच. एवढ्या एका भागासाठी यंत्र बंद राहिले, तर आहुपे किंवा तळेघरहून आधीच लांबचा रस्ता कापून आलेल्या रुग्णाला पुढे पुण्याला न्यावे लागते, वाटेत हाताने फुगा दाबत. शहरात दुरुस्तीला उशीर झाला तर शेजारचे रुग्णालय असते. इथे मधे घाट आणि हायवेची कोंडी असते.

हा प्रश्न नवा नाही. आरोग्य अभियानाने 29 राज्यांतल्या सरकारी आरोग्य संस्थांमधली साडेसात लाखांहून अधिक उपकरणे मोजली, तेव्हा राज्यागणिक 13 ते 34 टक्के उपकरणे बंद आढळली. त्यावर 2015 मध्ये देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. उपकरणे किती काळ चालू राहिली पाहिजेत याची टक्केवारीच त्यात ठरवली आहे. दिशा योग्य आहे. पण नेमलेल्या इंजिनिअरला पार्ट आणि पासवर्ड मिळालाच नाही, तर तोही आपल्यासारखाच हेल्पलाइनवर ताटकळत बसतो.

मे 2021 मधले औरंगाबादचे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचे, प्रकरण आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासाठी 150 व्हेंटिलेटर आले. त्यांपैकी वापरात घेतलेल्या 113 यंत्रांत दोष असल्याचे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर आले. यंत्रे ठीक आहेत, रुग्णालयाला ती नीट वापरता येत नाहीत, असा पवित्रा केंद्राने घेतला आणि न्यायालयाने त्यावर नापसंती दाखवली. चूक कोणाची हा वाद चालू असताना खाटेवरच्या रुग्णाला त्याचा काहीच उपयोग नव्हता. यंत्र देताना त्याबरोबर प्रशिक्षण, माहिती आणि पार्ट किती दिले, हे मोजायला हवे होते.

ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला त्याचे पोर्टल सुरू झाले. सुरुवातीला चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती उपकरणे आणि वाहने. वैद्यकीय उपकरणे त्यांत नाहीत.

कंपन्या सुरक्षेचे कारण देतात, आणि ते सगळेच खोटे नाही. डिफिब्रिलेटरच्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही जीवघेणा विद्युतभार राहू शकतो. एक्स-रे यंत्राला कोणीही हात लावू नये. दुरुस्तीनंतर यंत्राचे माप अचूक आहे का, हेही तपासावे लागते. पण अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये या प्रश्नाचा अहवाल दिला, तेव्हा बाहेरच्या दुरुस्तीमुळे व्यापक धोका असल्याचे म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट, असे अनेक दुरुस्तीकार चांगले आणि सुरक्षित काम करतात, असेच त्यात नोंदवले आहे. म्हणजे प्रशिक्षित माणूस हवा, ही अट रास्त आहे. तो कंपनीचाच हवा, ही नाही.

आपल्याकडे याचे उदाहरण खोडदला उभे आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या 1990 च्या दशकापासून ऊन-पावसात आहेत. रचना इथल्याच शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची असल्याने तिची देखभाल इथे होते आणि पुढे ती अद्ययावतही इथेच झाली. आतले ज्ञान हाताशी असेल, तर यंत्र दीर्घकाळ चालते.

म्हणून खरेदीच्या करारातच चार गोष्टी लिहून घ्याव्यात: सर्व्हिस मॅन्युअल, सर्व्हिस पासवर्ड, यंत्राच्या आयुष्यभर ठरल्या दराने पार्ट आणि स्थानिक तंत्रज्ञांचे प्रशिक्षण. निविदेत केवळ किंमत पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी हे विचारले पाहिजे. यंत्राच्या लोकार्पणाला फीत कापतात, तेव्हा ‘बिघडले तर कोण, किती दिवसांत दुरुस्त करणार?’ हा प्रश्न कोणीही नागरिक विचारू शकतो.

घरच्या लॅपटॉपसाठीही तोच नियम. घेण्यापूर्वी बॅटरी आणि कीबोर्ड सुटे मिळतात का, ते विचारा. दुरुस्तीबाबत टोलवाटोलवी झाली, तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर टोचू नका, चार्जिंग लगेच थांबवा आणि जाणत्या माणसाकडूनच ती काढून घ्या.