बोर्डवर 60, कॅमेऱ्यात 50

डिसेंबर 2025 मध्ये इंग्लंडच्या नॅशनल हायवेज या सरकारी कंपनीने मान्य केलं, की काही रस्त्यांवर वेगमर्यादेचा डिजिटल बोर्ड बदलला तरी कॅमेऱ्याला तो बदल उशिरा कळत होता. 2021 पासून सुमारे 2,650 वेळा कॅमेरा चुकीचा ट्रिगर झाला. दोन सिस्टिम सिंकमध्ये नव्हत्या, बस. आकडा छोटा आहे, पण मला बातमी मोठी वाटते. का, ते कळण्यासाठी आधी हे बोर्ड बदलतात कशाला ते बघू.

अपघात नाही, टोलनाका नाही, तरी हायवेवर गाड्या अचानक थांबतात आणि थोडं पुढे गेलं की रस्ता मोकळा! जपानी संशोधकांनी 2008 मध्ये यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. 230 मीटरच्या गोल ट्रॅकवर 22 गाड्या, सगळ्यांनी ताशी 30 किमीच्या आसपास चालवायचं. थोड्या वेळात काही कारण नसताना जॅम तयार झाला आणि मागे मागे सरकत गेला. एकाने जरासा ब्रेक दाबला की मागचा जास्त दाबतो, त्याच्या मागचा आणखी जास्त. गर्दी दाट असेल तर ही लाट विरत नाही.

म्हणून जॅम व्हायच्या आधीच सगळ्यांचा वेग थोडा खाली आणायचा. लंडनभोवतीच्या एम25 वर हे 1995 मध्ये सुरू झालं. रस्त्यात पुरलेले तारांचे लूप गाड्या मोजतात. एका लेनमधून तासाला 1,650 गाड्यांचा रेट झाला की मर्यादा ताशी 70 मैलांवरून 60, आणि 2,050 झाला की 50, असं गणित तिथे ठेवलं होतं. (50 मैल म्हणजे साधारण 80 किमी.) सगळे सारख्या वेगाने चालले की लेन बदलणं कमी, ब्रेकही कमी. नेटवर्किंग शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: राउटर तुंबायच्या आधी पाठवणाऱ्याला हळू करायचं.

2023 मध्ये ब्रिटिश सरकारने नवे स्मार्ट मोटरवे रद्द केले, पण तिथे मुख्य वाद आपत्कालीन लेन काढून टाकण्याचा आणि खर्चाचा होता. दोन गोष्टींची गल्लत नको.

खरी अडचण माणसाची आहे. समोर रस्ता मोकळा दिसतोय आणि बोर्ड म्हणतो 50. लाट सेन्सरला दिसते, ड्रायव्हरला नाही, त्याला नुसता विश्वास ठेवायचाय. आणि हा बग नेमका तिथेच बसतो. समजा बोर्ड 50 वरून 60 झाला, त्याने बघून वेग वाढवला, कॅमेरा मात्र अजून 50 धरून बसलाय. म्हणजे बोर्ड पाळणाराच अडकला. असं दोनदा ऐकलं की लोक बोर्डकडे नाही, कॅमेऱ्याकडे बघून गाडी चालवतात. कॅमेरा दिसला की ब्रेक, आणि ब्रेक म्हणजे परत लाट.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2024 पासून आयटीएमएसचे कॅमेरे चलान पाठवतात. तिथे मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे हा बग येणार नाही. उद्या बदलते बोर्ड आले, तर माझी एकच मागणी असेल: चलानवर गाडीच्या फोटोशेजारी त्या सेकंदाला बोर्डवर कोणता आकडा होता, तेही छापा.