डीटीएच जोडणीसाठी दिलेली वेळ कंपन्यांवर बंधनकारक करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : घरगुती डीटीएच जोडणीसाठी तंत्रज्ञ येण्याची वेळ निश्चित करणे, ती सेवेच्या दर्जाचा भाग मानणे आणि ती न पाळल्यास ग्राहकाला आपोआप भरपाई देणे.

महोदय,

डीटीएचची नवी जोडणी घेणारा ग्राहक बहुधा आधी पैसे भरतो आणि मग तंत्रज्ञाची वाट पाहत बसतो. त्याला दिवस कळवला जातो, पण वेळ अनेकदा ‘दिवसभरात कधीही’ एवढीच सांगितली जाते. तंत्रज्ञ आला नाही, तर पुढचा दिवस मिळतो. वाया गेलेल्या दिवसाची जबाबदारी कोणावरच येत नाही आणि तो दिवस कंपनीच्या सेवेचे मोजमाप करताना जमेस धरलाही जात नाही. ही वेळ मोजली जावी आणि ती मोडण्याची किंमत कंपनीने द्यावी, या मागणीसाठी हे निवेदन सादर करत आहे. मागणी जुनीच आहे; मात्र प्राधिकरणाने २०२४ साली केलेल्या एका बदलानंतर ती टाळण्यास कारण उरलेले नाही.

प्राधिकरणाने मार्च २०१७ मध्ये सेवेचा दर्जा आणि ग्राहक संरक्षण यांविषयीचे विनियम काढले, तेव्हा दर आणि दर्जा या दोन्ही बाजू त्यात बांधल्या होत्या. जोडणी बसवण्याचा आकार ३५० रुपयांहून आणि ती सुरू करण्याचा आकार १०० रुपयांहून अधिक नसावा, असे ठरले. टोल-फ्री क्रमांक आला, तक्रारीला क्रमांक देणे सक्तीचे झाले, तक्रार निवारणाला मुदती आल्या. ग्राहकाच्या हातात काहीतरी लेखी आले, आणि त्याचे श्रेय प्राधिकरणाला द्यायलाच हवे. पुढे जुलै २०२४ मधील दुरुस्तीने जोडणी, तंत्रज्ञाची भेट, स्थलांतर यांच्या आकारांवरील कमाल मर्यादा काढून टाकल्या. कंपन्यांनी आपले दर जाहीर करावेत, एवढीच अट ठेवली. बाजारात स्पर्धा आहे, म्हणून दर मोकळे करावेत, हा विचार समजण्याजोगा आहे. पण दराचे बंधन सैल केले, तेव्हा त्याच्या बदल्यात वेळेचे बंधन घालणे आवश्यक होते. ते घातले गेले नाही. परिणामी आज कंपनी भेटीचे किती पैसे घेणार हे ग्राहकाला आधी वाचता येते, पण त्या पैशांत ठरल्या वेळी कोणी येईल का, याची हमी त्याला कोणत्याही कागदावर मिळत नाही.

जोडणीची भेट ही वस्तू घरपोच करण्यासारखी किरकोळ बाब नाही. पुठ्ठ्याचे खोके शेजाऱ्याकडे ठेवून जाता येते. डिश तशी ठेवता येत नाही. महाराष्ट्रातून पाहता डीटीएचचे उपग्रह दक्षिण ते आग्नेय दिशेला येतात. त्या दिशेला उंच इमारत किंवा झाड आडवे नसावे लागते, डिशचा कोन नेमका जुळवावा लागतो, गच्चीवरून घरापर्यंत केबल ओढावी लागते आणि सेट-टॉप बॉक्स सुरू करून द्यावा लागतो. सामान्य ग्राहकाच्या हातून हे होत नाही, म्हणून तो पूर्णपणे तंत्रज्ञावर अवलंबून असतो. शहरातल्या सोसायटीत गच्चीची किल्ली सचिवाकडे किंवा पहारेकऱ्याकडे असते, म्हणजे ग्राहकाला आपल्याबरोबर तिसऱ्या माणसाचीही वेळ सांभाळावी लागते. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी लागते. रोजंदारीवर काम करणाऱ्याला घरी थांबणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडणे. बहुतेक घरांत हे थांबणे बाईच्या वाट्याला येते आणि तिच्या दिवसाची किंमत कोणी मोजत नाही. एवढे करूनही तंत्रज्ञ आल्यावर ‘इथे सिग्नल मिळणार नाही’ असे कळले, तर सगळेच वाया जाते. पत्ता घेतानाच गच्ची मोकळी आहे का, आग्नेयेला काय आहे, हे विचारून किंवा छायाचित्र मागवून पुष्कळसा अंदाज आधी बांधता येतो. तेवढी तसदी कंपनीने घ्यावी, ही अपेक्षा जास्त नाही.

वेळेचे बंधन व्यवहारात चालते का, याचा पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत केबल टीव्हीसाठी १९९३ पासून लागू असलेल्या संघीय नियमांत भेटीची वेळ नेमकी किंवा जास्तीत जास्त चार तासांच्या टप्प्यात द्यावी, आदल्या दिवशीचे कामकाज संपल्यानंतर कंपनीने ती रद्द करू नये आणि तंत्रज्ञाला उशीर होणार असेल तर ग्राहकाला कळवावे, असे म्हटले आहे. तो नियम उपग्रह सेवेसाठी नव्हता हे खरे. पण घरी येणारा माणूस, शिडी आणि केबल दोन्हीकडे सारखीच. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१९ पासून ब्रॉडबँड आणि लँडलाइनसाठी आपोआप भरपाईची योजना आहे. तंत्रज्ञ ठरल्या वेळी आला नाही, तर सुरुवातीला २५ पौंड ग्राहकाच्या खात्यात अर्ज न करता जमा होत. आपल्याकडेही विजेच्या ग्राहकांच्या हक्कांविषयी केंद्र सरकारने २०२० मध्ये केलेल्या नियमांत नव्या जोडणीची मुदत आणि आपोआप भरपाई ही दोन्ही तत्त्वे मान्य झाली आहेत. महाराष्ट्राने २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सरकारी सेवांना मुदत घातली आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद केली. सरकारी कार्यालयाला जे बंधन लागू होते, ते आगाऊ पैसे घेणाऱ्या खासगी कंपनीला जड का वाटावे?

आक्षेप येतील, आणि त्यांतला पहिला वाजवी आहे. जून ते सप्टेंबर कोकणात किंवा घाटमाथ्यावर ओल्या गच्चीवर माणूस चढवणे धोक्याचे असते. त्याचा जीव चार तासांच्या टप्प्यापेक्षा मोलाचा आहे. उपरोल्लेखित अमेरिकी नियमातही ‘सर्वसाधारण परिस्थितीत’ अशी अट आहे आणि तिमाहीत ९५ टक्के भेटी वेळेवर झाल्या तर तो पाळला गेला असे धरतात. तशीच तरतूद इथे करता येईल. हवामान खात्याचा इशारा असेल तेव्हा सूट असावी, पण निरोप देण्यातून सूट नसावी. पाऊस आला म्हणून फोन करता येत नाही, असे होत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. गच्चीवर येणारा तंत्रज्ञ पुष्कळदा कंपनीचा नोकर नसतो. स्थानिक एजन्सीकडून त्याला कामागणिक पैसे मिळतात, पेट्रोल त्याचे, शिडीही त्याचीच. भरपाईचा भुर्दंड फिरून त्याच्याच कमाईतून कापला गेला, तर एका गरजू माणसाचा वेळ वाचवण्यासाठी दुसऱ्या गरजू माणसाचा खिसा कापल्यासारखे होईल. म्हणून भरपाईची जबाबदारी परवानाधारक कंपनीवर असावी आणि ती एजन्सीवर किंवा तंत्रज्ञावर ढकलण्यास स्पष्ट मनाई असावी. एका माणसाला एका दिवसात किती गच्च्या द्यायच्या, हा निर्णय कंपनीच्या व्यवस्थेत होतो. त्या निर्णयाची किंमतही तिनेच सोसावी.

ग्राहकाला दुसऱ्या कंपनीकडे जाता येते, असेही म्हटले जाईल. पण एकदा पैसे भरल्यावर तो मोकळा राहत नाही, आणि कोणती कंपनी किती भेटी चुकवते हे प्रसिद्धच होत नसल्याने निवड कशाच्या आधारे करायची हा प्रश्न उरतो. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे, परंतु बुडालेल्या एका दिवसाच्या मजुरीसाठी जिल्हा आयोगात तारखा घेत फिरणे म्हणजे आणखी दिवस बुडवणे. राहिला प्रेक्षक डीटीएच सोडून इंटरनेटकडे वळत असल्याचा मुद्दा. सशुल्क डीटीएचचे वर्गणीदार २०२१ मधील सुमारे सात कोटींवरून २०२५ पर्यंत सहा कोटींच्या खाली आले आहेत, हे प्राधिकरणाच्याच अहवालांवरून दिसते. तरीही ती कोट्यवधी घरे आहेत, आणि त्यांत इंटरनेट नीट न पोहोचलेल्या गावांतली, वाड्या-वस्त्यांवरची घरे आहेत. उतरत्या धंद्यात कंपनी आधी दूरच्या तालुक्यातला माणूस कमी करील, ही भीती खरी आहे. म्हणूनच नियमाची गरज आता जास्त आहे.

तरी प्राधिकरणाने आपल्या १९९७ च्या अधिनियमातील अधिकार वापरून २०१७ च्या विनियमांत पुढील दुरुस्ती करावी. पैसे घेण्यापूर्वी ग्राहकाला जास्तीत जास्त चार तासांचा टप्पा लेखी संदेशाने, त्याच्या भाषेत, म्हणजे महाराष्ट्रात मराठीत कळवावा. आदल्या संध्याकाळनंतर कंपनीने भेट रद्द केल्यास ती चुकवलेली भेट समजावी. ‘ग्राहक घरी नव्हता’ अशी एकतर्फी नोंद करून काम बंद करता येऊ नये. भेट झाल्याची किंवा रद्द झाल्याची खातरजमा ग्राहकाच्या मोबाइलवरील ओटीपीनेच व्हावी. चुकवलेल्या प्रत्येक भेटीची भरपाई ग्राहकाने न मागता त्याच्या खात्यात जमा व्हावी आणि तिची रक्कम कंपनीच्या स्वतःच्या जाहीर भेट-आकाराहून कमी नसावी. सिग्नल मिळणे शक्य नसल्यास संपूर्ण रक्कम सात दिवसांत परत मिळावी. वर्गणीचे दिवस चित्र प्रत्यक्ष सुरू झाल्यापासूनच मोजावेत. आणि प्रत्येक कंपनीने ठरलेल्या, पाळलेल्या व चुकवलेल्या भेटींची जिल्हावार आकडेवारी दर तिमाहीला प्रसिद्ध करावी.

यांतली शेवटची मागणी मान्य करायला कंपन्यांना फारसा खर्च नाही, कारण कामाच्या नोंदी त्यांच्या संगणकात असतातच. बाकीच्या तरतुदींवर विचारविनिमय होईपर्यंत निदान ही आकडेवारी तातडीने मागवावी आणि या विषयावर सल्लामसलत पत्र काढून ते मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातील एक डीटीएच वर्गणीदार

प्रत माहितीसाठी : मा. सचिव, माहिती व प्रसारण मंत्रालय, नवी दिल्ली