शनिवारचे मत



या खेपेस प्रश्न आला आहे सातवीतल्या एका मुलाचा. शाळेत शिकवतात की अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरात होते. मग आमचे आजोबा जानेवारीपासूनच टीव्हीपुढे बसून वाद का घालतात? बाळा, तुझे बरोबर आहे, आणि आजोबांचेही बरोबर आहे.

आपण मुंबईला होतो तेव्हा तिकीट कोणाला द्यायचे ते पक्षातले वरिष्ठ ठरवायचे. आपले काम फक्त शिक्का मारण्याचे. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण, हेसुद्धा साधे मतदारच ठरवतात. एका दिवसात नव्हे, तर राज्याराज्याने, महिनोन् महिने. पन्नास वर्षे आयोवाचा मान पहिला होता आणि लगेच मागून न्यू हॅम्पशायर. दोन्ही राज्ये लहान, पण तिथे जो मागे पडला त्याचे पैसे आटतात, वर्तमानपत्रे त्याचे नाव टाकतात. न्यू जर्सीवाल्या आपल्या लोकांची पाळी बहुतेक वेळा जूनमध्ये येते. तोवर पंगत उठलेली असते, पानात चटणी उरते! म्हणून आजोबा जानेवारीत ओरडतात.

आयोवात डेमोक्रॅट पक्षाची जुनी पद्धत मुलांना आवडेल अशी होती. तिला कॉकस म्हणतात. संध्याकाळी शेजारीपाजारी शाळेच्या जिममध्ये जमायचे आणि ज्याचा जो उमेदवार त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. चिठ्ठी नाही, पडदा नाही. मग डोकी मोजायची. बहुतेक ठिकाणी शंभरातले पंधरा लोक ज्याच्या कोपऱ्यात नसतील तो उमेदवार बाद. त्याच्या माणसांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचे, नाहीतर घरी. तेव्हा खरी गंमत, "इकडे या, इकडे या" अशी ओढाओढ चालायची. ३ जानेवारी २००८ ला तिथे ओबामा पहिले आले, हिलरी क्लिंटन तिसऱ्या. पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायरात त्याच हिलरीबाई जिंकल्या. आणि जो बायडन? २००८ च्या आयोवात त्यांना शेकड्याला एक असा वाटा मिळाला, त्याच रात्री त्यांनी माघार घेतली. २०२० साली आयोवात ते चौथे आणि न्यू हॅम्पशायरात पाचवे होते. मग साउथ कॅरोलिनाने त्यांना उचलले आणि ते अध्यक्ष झाले. तेव्हा आजोबांचा माणूस एका राज्यात पडला तर जेवण सोडू नये.

आता आपल्या घरची गोष्ट. नेवाडा राज्याचे कॉकस २००८ साली १९ जानेवारीला झाले. तो वार शनिवार. तोही भर दिवसा! कॉकसला स्वतः हजर राहावे लागते, ठरलेल्या वेळी. म्हणजे शब्बाथ पाळणाऱ्याने काय करायचे? कोकणात आपल्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. कोणी हसो, गिऱ्हाईक जावो, घाणा बंद. त्यांच्या नातवंडांना नव्या देशात मत आणि शब्बाथ यांतून एक निवडायला लावणे मला तरी रुचत नाही.

२०१२ साली नेवाडात रिपब्लिकन पक्षाचे कॉकस पुन्हा शनिवारीच आले. तेव्हा ओरड झाली आणि लास व्हेगासच्या एका ज्यू शाळेत सूर्यास्तानंतर वेगळे कॉकस ठेवले. पण दारात लिहून मागितले की धर्मामुळे दिवसा येता आले नाही. त्यावरून भांडणे झाली, कारण दिवसा नोकरीवर असलेल्यांनाही आत यायचे होते. त्या रात्री तिथे जिंकले रॉन पॉल! २०२० ला डेमोक्रॅट पक्षाने नेवाडात चार दिवस आधीच मत देण्याची सोय केली, त्यामुळे शनिवार टाळता आला. त्या चिठ्ठीवर निदान तीन नावे पसंतीच्या क्रमाने लिहावी लागत. मला ही रीत फार आवडली. दुसरे नाव लिहायला बसलो की पहिले का आवडले याचा विचार करावाच लागतो.

आणि विचार करावाच. "तो आपला आहे ना, मग झाले" हे आपल्यात बरेच ऐकू येते. जो लीबरमन शब्बाथ पाळणारे सेनेटर. शनिवारी सेनेटमध्ये मतदान असले तर पायी चालत घरी जात. २००० साली ते उपाध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा आपल्या किती घरांत आनंद झाला! २००४ ला अध्यक्षपदासाठी आयोवा सोडून त्यांनी न्यू हॅम्पशायरात मुक्काम ठोकला, पाचवे आले, आठवड्याभरात थांबले. तेच न्यू हॅम्पशायर २०१६ ला बर्नी सँडर्स यांनी जिंकले, आणि अध्यक्षपदाची प्रायमरी जिंकणारे ते पहिले ज्यू ठरले. आता लीबरमन आणि सँडर्स, दोघेही आपले. पण इराकचे युद्ध घ्या, आरोग्य विमा घ्या, दोघांची तोंडे दोन दिशांना. मग "आपला" कोणता? मेडिकेअर, सोशल सिक्युरिटी, भारतातल्या भावाचा व्हिसा, इस्राएल, यांवर माणूस काय बोलला आणि आधी मत कसे दिले, ते नातवंडांकडून काढून घ्या. त्यांना कंप्युटर येतो, तुम्हाला प्रश्न येतात.

न्यूयॉर्कवाल्यांनो, एक काम मात्र आधी करा. तिथे पक्षात नाव असल्याशिवाय प्रायमरीत मत नाही. २०१६ च्या एप्रिलमधल्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत आदल्या ऑक्टोबरात संपली होती. ट्रम्पसाहेबांच्या दोन मुलांनाच बापाला मत देता आले नाही! २०१९ साली कायदा बदलून ती मुदत १४ फेब्रुवारी केली आहे.

बालमित्रांनो, तुम्हालाही फार थांबावे लागणार नाही. मेरीलँड, व्हर्जिनिया, ओहायो अशा राज्यांत नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील तर सतराव्या वर्षीच प्रायमरीत मत देता येते. न्यू जर्सीनेही २०२४ च्या जानेवारीत तसा कायदा केला.

पुढच्या खेपेचा प्रश्न एका आजींचा आहे: मलिद्याच्या ताटात पाच फळे का? मुलांनी उत्तरे मराठीत पाठवावीत, चुका झाल्या तरी चालतील.