अपग्रेडआधीची जबाबदारी

घरगुती संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्राचे भाग आणि वापरातील सॉफ्टवेअर यांचा मेळ घालणारी मूळ प्रणाली, बदलण्याविषयी दोन मते रूढ आहेत. सूचना आली की बटण दाबावे, बाकी सारे जागच्या जागी राहते, हे एक. चालत्या यंत्राला हात लावू नये, हे दुसरे. आपल्या संगणकात काय साठले आहे हे तपासण्याचे कष्ट दोन्ही मते टाळतात, म्हणून दोन्ही त्याज्य आहेत.

पहिल्या मताला अनुभवाचा आधार नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 ची 1809 ही आवृत्ती आली, तेव्हा ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर दुसरीकडे वळवले होते, अशा काही वापरकर्त्यांच्या मूळ जागी उरलेल्या फायली पुसल्या गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच वितरण थांबवावे लागले. मागे फिरण्याची सोय असते हे खरे. परंतु तिची मुदत सहसा 10 दिवसांचीच असते, आणि जुनी प्रणाली त्याच डिस्कवर राहत असल्याने डिस्क निकामी झाल्यास ही सोयही बुडते.

विंडोज 11 केवळ 64-बिट स्वरूपात मिळते; त्यामुळे 32-बिट विंडोज 10 असलेल्या संगणकावर ती नव्याने बसवावी लागते, आणि सॉफ्टवेअर व बाहेरून घातलेले फॉन्ट पुन्हा घालावे लागतात. 32-बिट ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर वा स्कॅनर प्रणालीशी जोडणारे सॉफ्टवेअर, तेथे चालत नाही. उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला नसेल, तर धडधाकट प्रिंटरही अडगळीत जाऊ शकतो. फॉन्ट जाण्याची झळ मराठी वापरकर्त्याला अधिक बसते. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली, रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमधील मराठी मजकूर बहुधा रोमन अक्षरांसाठी नेमलेल्या संकेतांकांवर साठवलेला असतो. तो फॉन्ट नाहीसा झाला की कष्टाने टंकलेला कुलवृत्तांत उघडताच निरर्थक चिन्हांच्या ओळी दिसू लागतात.

तरीही यावरून दुसरे मत सिद्ध होत नाही. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिची दुरुस्ती आधार चालू असलेल्या विंडोज आवृत्त्यांसाठी मार्चमध्येच उपलब्ध होती; ती न बसवलेली यंत्रे बळी पडली. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असून मुदतवाढीच्या योजनेबाहेरील घरगुती संगणकाला नव्या सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत. अशा संगणकावरून बँकेचे व्यवहार करत राहणे म्हणजे धोका दिवसेंदिवस वाढू देणे होय.

तात्पर्य, अपग्रेड करावेच. मात्र ते घर बदलण्याइतक्या तयारीने करावे. प्रथम सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि त्यांतील काही दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात, कारण न तपासलेला बॅकअप भरवशाचा नसतो. जुना मराठी मजकूर आधीच युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीविना न वाचता येणारी, असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवावी. संगणक दुकानदाराने स्वतःच्या खात्यावरून सुरू करून दिला असल्यास ती त्याच्याच खात्यात असू शकते. यंत्रात विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था नसेल, तर पळवाटेने विंडोज 11 लादण्यापेक्षा लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा विचार करणे श्रेयस्कर. ही तयारी एखादी सुट्टी खाईल. पण पुसलेले कौटुंबिक दस्तऐवज कोणतीही कंपनी भरून देत नाही, म्हणून ही जबाबदारी संगणकाच्या मालकानेच उचलली पाहिजे.